गंध, विलेपन आणि वैराग्य

षोडशोपचार पूजेतले सोळा उपचार नीट पाहिले तर त्यांतले बरेचसे शरीराच्या सुखाचे आहेत. बसायला आसन, पाय धुवायला पाणी, आधी पंचामृताचे आणि मग शुद्ध पाण्याचे स्नान, अंगाला वस्त्र, कपाळाला उगाळलेले गंध, फुले, धूप आणि नैवेद्यानंतर विडा. हळद-कुंकू आणि परिमलद्रव्ये यांचाही वेगळा उच्चार होतो. लांबून चालत आलेल्या पाहुण्याचे जसे करावे तसेच देवाचे करायचे, असा यामागचा साधा हिशेब. देवाला या गोष्टींची गरज आहे का, हे पूजाविधी विचारत बसत नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात गुरुगृही राहणाऱ्या ब्रह्मचाऱ्याने काय टाळावे ते सांगितले आहे. मध आणि मांस यांच्या जोडीने त्यात गंध, फुलांच्या माळा, अंगाला तेल चोळणे, डोळ्यांत अंजन घालणे, पायांत वहाणा आणि डोक्यावर छत्री हेही येते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. देवाला जे आवर्जून द्यायचे, जवळपास तेच साधकाने घ्यायचे नाही. चंदन वाईट असते तर ते देवाला कसे चालले असते? आणि चांगले असेल तर विद्यार्थ्याने काय घोडे मारले आहे? रोजच्या बारीकसारीक सुखांविषयीचा भारतीय धर्मविचार बराचसा या पेचातून वाट काढताना दिसतो.

पेच एका वैदिक परंपरेपुरता नाही. बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळतात. त्यातले सातवे शील नृत्य, गीत आणि वादन यांच्याबरोबर माळा, गंध आणि विलेपन यांपासूनही दूर राहायला सांगते. महाराष्ट्रात वर्षावासातल्या पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून विहारात बसणारे उपासक-उपासिका त्या दिवसापुरते अत्तर आणि पावडर बाजूला ठेवतात; त्याच विहारात बुद्धमूर्तीपुढे फुले वाहिली जातात आणि उदबत्तीही लागते. दिगंबर जैन मुनीच्या 28 मूलगुणांत तर स्नान न करणे आणि दात न घासणे हेही मोजले आहे. असे असून श्रवणबेळगोळच्या बाहुबलीला साधारण दर 12 वर्षांनी दूध, उसाचा रस, हळद, चंदन आणि केशर यांनी न्हाऊ घातले जाते. यातला 2018 चा सोहळा अनेकांच्या स्मरणात असेल. मराठी माणसाला ही मूर्ती माहीत असते ती तिच्या पायाशी कोरलेल्या, ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाच्या मराठी शिलालेखामुळे. तप करताना अंगावर वेली चढल्या तरी ज्याने त्या झटकल्या नाहीत, त्याच्या अंगावरून केशराचे पाणी ओघळते. याला विसंगती म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तीन वेगळ्या परंपरा शतकानुशतके एकच विसंगती जपत असतील, तर तिच्या मुळाशी काही विचार असावा असे मानणे बरे.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात, पहिल्या अधिकरणात, नागरकाचा, म्हणजे शहरी रसिकाचा, दिनक्रम दिला आहे. दात घासून झाल्यावर बेताचे विलेपन, धूप, माळ, ओठांना मेण आणि अळिता, आरशात एक नजर, तोंडात विडा, आणि मग कामाला लागायचे. स्नान रोज, अंग चोळून घेणे एक दिवसाआड, फेसाचे द्रव्य तिसऱ्या दिवशी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ग्रहताऱ्यांच्या हिशेबातून वेळ काढून बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा अध्याय लिहिला. 16 द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे 1,820 प्रकार होतात, आणि त्यांची प्रमाणे पालटत गेले की 1,74,720 सुगंध तयार होतात, असे गणित तो त्यात मांडतो. अध्यायाची सुरुवात मात्र केसांच्या कलपाने होते, कारण डोके पांढरे झालेल्याला माळा, अत्तरे आणि दागिने शोभत नाहीत असे या ज्योतिष्याचे स्पष्ट मत आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लासात 20 उपभोग वर्णिले. स्नान, तांबूल, विलेपन आणि धूप त्यांत आहेतच, शिवाय पायांना तेल चोळून घेणे हा स्वतंत्र उपभोग धरला आहे. दिवसभर उभ्याने राबून आलेल्या कोणालाही राजाचा हा निर्णय पटेल.

हे ग्रंथ धर्माबाहेरचे नाहीत. काम हा चार पुरुषार्थांतला एक आहे, आणि शरीराची निगा आयुर्वेदाने दिनचर्येत घालून ठेवली आहे; तिथे अभ्यंग रोजचा, आणि डोके, कान व तळपाय यांना विशेष. पेचाचे नेहमीचे उत्तरही याच चौकटीतून येते. ब्रह्मचाऱ्याला नाही, गृहस्थाला आहे, संन्याशाला पुन्हा नाही. आश्रम बदलला की नियम बदलतो. उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. कोणी कधी काय घ्यावे ते त्यातून कळते, पण सोडण्याने नेमके काय साधते आणि सोडलेली वस्तू देवापुढे कशी जाऊन बसते, हे कळत नाही.

कठोपनिषदात श्रेयस आणि प्रेयस, म्हणजे हिताचे आणि आवडीचे, हा भेद यम नचिकेत्याला समजावतो. त्याआधी त्याने मुलाची परीक्षा घेतलेली असते. शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने, विस्तीर्ण भूमी, रथांत बसलेल्या अप्सरा असे सगळे तो देऊ करतो, आणि नचिकेता नाही म्हणतो. तत्त्वज्ञानातली प्रलोभने अशी नेहमी भव्य असतात. साध्या माणसाच्या दारात यम हत्ती घेऊन येत नाही. तिथे येतो तो सकाळचा दुसरा चहा, आवडत्या साबणाची नवी वडी, नाक्यावरच्या बाईकडचा मोगऱ्याचा गजरा, आंघोळीनंतर मनगटावर लावलेला वाळ्याच्या अत्तराचा फाया. यांना श्रेयसाच्या नावाने नकार देणे म्हणजे मुंगीवर तोफ डागणे. त्यामुळे ही सुखे विचारांच्या चाळणीतून खाली पडून जातात, आणि माणसाचा दिवस भरतो तो बहुतेक त्यांनीच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या बाबतीत फार सूक्ष्म निरीक्षण आहे. विषय घेणे बंद केले की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती जाते ती त्याहून मोठे काही दिसल्यावर. अत्तराची कुपी कोणालाही देऊन टाकता येते, पण गर्दीत शेजारून गेलेल्याचा हिना ओळखणारे नाक देता येत नाही. एकादशीला भगर, रताळी आणि साबुदाण्याची खिचडी यांचा बेत आदल्या रात्रीपासून रंगतो, तो या राहिलेल्या गोडीचाच उत्सव. म्हणून वस्तू दूर ठेवण्याला गीता शेवटचा शब्द मानत नाही, आणि सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याइतकाच अजिबात न खाणाराही योगासाठी अपात्र ठरतो. कामसूत्रकारानेही विलेपन ‘मात्रेने’ घ्यायला सांगितले आहे. बौद्ध ग्रंथ भिक्षूकडून भोजनातली मात्रा जाणण्याची अपेक्षा करतात. रसिक, योगी आणि भिक्षू यांचे एकमत व्हावे असा हा दुर्मीळ मुद्दा. मात्रा ठरवायची कोणी, यावर तिघांचे जमणार नाही, हे खरे.

पेचाचे अधिक खोल उत्तर भागवताच्या अकराव्या स्कंधात सापडते. कृष्ण निजधामाला जायला निघालेला असताना उद्धव त्याला सांगतो, की तुम्ही वापरलेल्या माळा, गंध, वस्त्रे आणि अलंकार अंगावर घालून, तुमचे उष्टे खाऊन आम्ही माया जिंकू. इथे सोडणे आणि घेणे यांच्यामध्ये तिसरी क्रिया आली: आधी देणे, मग उरलेले घेणे. चंदन तेच, अंगही तेच, मधला मालक बदलला. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली. पैठणच्या या गृहस्थाने ती 1573 मध्ये काशीत पुरी केली. संसारात राहून परमार्थ करणाऱ्यांच्या या परंपरेला उद्धवाचा मार्ग जवळचा वाटला, यात नवल नाही. प्रसाद या शब्दाचे सारे वजन या मधल्या क्रियेत आहे. देवाच्या पायांवरचे गंध कपाळाला लावणारा माणूस सुगंध घेतो, पण त्याच्यावर हक्क सांगत नाही. वास काही कमी येत नाही.

पंढरपुरात हा विचार कृतीत दिसतो. उन्हाळ्यात, पाडव्यापासून मृगापर्यंत, विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात, कारण देवालाही उकडते. आषाढी वारीच्या काळात दर्शन रात्रंदिवस चालू असते आणि देवाचा पलंग काढून ठेवलेला असतो. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला लिंबू-साखर चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालतात आणि शिणवटा जावा म्हणून काढा देतात. उभे राहून पाय दुखतात हे ज्यांना ठाऊक आहे अशाच लोकांनी हे विधी रचले असणार. याच परंपरेत उलटी कथाही आहे. नामदेवांच्या घरच्या दासी जनाबाईला विठोबा न्हाऊ घालतो आणि तिची वेणीफणी करतो. तिला तेल लावून द्यायला घरात दुसरे कोणी नव्हते. देवाला दिलेले अभ्यंग असे फिरून दासीच्या डोक्यावर येते, आणि भक्ताने देवाचे लाड करावेत या नियमाला देवाकडून उत्तर मिळते. वारकऱ्यांनी स्वतःसाठी मात्र मोजकेच ठेवले: गोपीचंदन, बुक्का आणि तुळशीची माळ. बुक्काही सुगंधीच असतो, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

इस्लाममध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. पैगंबरांना सुगंध प्रिय होता असे हदीस सांगते, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी आंघोळ करून अत्तर लावणे पुण्याचे मानतात. मशिदीबाहेर अत्तरवाल्यांच्या पेट्या उगाच नसतात. परंतु हजच्या यात्रेकरूने एकदा इहराम बांधून यात्रेचे व्रत घेतले की सुगंधी साबणसुद्धा वर्ज्य. इहराम सुटला की अत्तर परत येते. त्याग इथे काळाच्या चौकटीत बसवला आहे, चातुर्मासातल्या नेमांसारखा. आवडती वस्तू काही दिवस बाजूला ठेवून ती आपली आहे की आपण तिचे, हे पाहून घेण्याची ही सोय.

दिवाळीच्या उटण्यातही अशी चौकट होती. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, चंदन ही द्रव्ये काही अश्विनातच उगवत नाहीत, पण ती एकत्र कुटून अंगाला लागत ती नरकचतुर्दशीच्या पहाटे, घरातल्या मोठ्यांच्या हातून. दुर्मीळपणाने त्या वासाला सणाचे वजन दिले. आजच्या सौंदर्यप्रसाधनांना तिथी नाही. भारतात 1952 मध्ये सुरू झालेल्या लॅक्मेचे नाव लक्ष्मीच्या फ्रेंच रूपावरून आले, म्हणजे देवी पॅरिसहून उच्चार बदलून परतली आणि लिपस्टिकच्या नळीवर बसली. या नळीपुढे उद्धवाचा मार्ग अडतो, कारण ती आधी कोणाला अर्पण करायची हेच ठरलेले नाही. म्हणून ती अधर्म ठरत नाही. वात्स्यायनाच्या नागरकानेही मेण आणि अळिता देवाला दाखवून लावला नव्हता. फक्त तिच्याबाबत मात्रेचा सगळा भार वापरणाऱ्याच्या एकट्याच्या विवेकावर येतो. तिथी नाही, प्रसाद नाही, घरातले वडीलधारे नाहीत, आणि समोर ‘अजून थोडे’ सांगणारी जाहिरात आहे.

या साऱ्या चर्चेत एक गृहीत दडलेले आहे: सोडणारा आपण होऊन सोडतो. ब्रह्मचारी पुढे गृहस्थ होणार असतो, उपासकाचे शील दुसऱ्या दिवशी सुटते, मुनीने दीक्षा मागून घेतलेली असते. महाराष्ट्रातल्या विधवेला ही मुभा नव्हती. कुंकू, बांगड्या, फुले, सुगंधी तेल आणि काही जातींत केससुद्धा तिच्याकडून काढून घेतले गेले, आणि या हिरावण्याला वैराग्याचे नाव मिळाले. यादी ब्रह्मचाऱ्याचीच होती, पण ती तिच्यावर जन्मभरासाठी लादली होती. पतीबरोबर तिचे प्रेयस संपले असे समाजाने परस्पर ठरवले, आणि श्रेयसाविषयी तिला कोणी विचारलेही नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी दारातल्या प्रत्येकीपुढे फिरे, तेव्हा ती माजघरात बसे. गीतेच्या कसोटीवर याला त्याग म्हणता येत नाही. इथे गोडी जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वस्तू काढून घेतली होती आणि गोडीचे काय होते याची कोणाला पर्वा नव्हती. सत्यशोधक कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, तेव्हा वस्तऱ्याच्या बाजूने का होईना, हा प्रश्न एकदाचा जाहीरपणे विचारला गेला.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. कुंकू लावायचे की नाही, हे आता तिने ठरवायचे आहे.