दात्याचे नाव, घेणाऱ्याचा चेहरा

दानात देणारा आणि घेणारा या दोघांपैकी कोणी लोकांसमोर यावे आणि कोणाला आडोसा मिळावा, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. मोबाइलवरून मदत गोळा होऊ लागल्यापासून त्याचे उत्तर नकळत उलटे होऊ लागले आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या प्रश्नाची जुनी उत्तरे आजही पाहता येतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे, तर सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचा. येथे दाता नावानिशी उभा आहे. परंतु अशा बौद्ध दानलेखांत पुण्य आईवडिलांना आणि सर्व प्राणिमात्रांना अर्पण करण्याची रीत होती. नाव कोरले, तरी पुण्य वाटून टाकले. घेणारा होता भिक्षुसंघ. कोणा एका गरजूचे दैन्य त्या भिंतींवर नोंदले गेले नाही.

शहरातील पाणचक्की ही दानाला यंत्राची जोड दिल्याची खूण आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, डोंगराकडील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले जाई. त्या पिठावर फकीर आणि वाटसरू यांची भूक भागे. आलेल्याला भाकरी मिळे. त्यासाठी आपली कहाणी चारचौघांत सांगावी लागत नसे.

शास्त्रांचा कलही असाच आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेड करू न शकणाऱ्याला, कर्तव्यबुद्धीने, योग्य देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक ठरते. अनादराने, तुच्छतेने दिलेले दान तामस ठरते. कुराणात उघड दानही चांगले मानले आहे, पण गरिबाला गुपचूप दिलेले अधिक श्रेयस्कर. पैठणच्या एकनाथांची सर्वश्रुत कथा याच विचाराची आहे. रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. आभार मानणे किंवा परतफेड करणे त्या मुक्या जिवाला शक्यच नव्हते. गुप्ततेमागे दोन हेतू होते: देणाऱ्याचा अहंकार वाढू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि पुढे क्यूआर कोडवरून दहा रुपयांचे दानही क्षणात पोहोचू लागले. लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर गावातील रुग्णासाठी परदेशातील अनोळखी माणूसही पैसे पाठवू शकतो. हा लाभ मोठा आहे. हिशेबही चोख होतो. २,००० रुपयांवरील रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही आणि अशा सवलतपात्र संस्थांना दात्यांचा तपशील आयकर खात्याला कळवावा लागतो. सरकारी दप्तरात दाता आता गुप्त राहत नाही. लोकांपुढे मात्र तो आपले नाव सहज झाकू शकतो. ती मुभा रुग्णाला नसते. त्याचा चेहरा, आजार, गाव, रडणारी आई हे सारे पडद्यावर येते आणि गरज संपल्यावरही तेथेच राहते.

यामागची कारणे खोटी नाहीत. चेहरा पाहून करुणा जागते आणि तपशिलामुळे फसवणूक कमी होते. पण मग पात्रता गरजेवरून ठरत नाही, छायाचित्राच्या परिणामावरून ठरते. ज्याचे दुःख चित्रात मावत नाही, तो मागे पडतो. संमती घेतली जाते हे खरे. तरी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे असलेल्या बापाला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत असते?

चळवळीत चेहऱ्याचा अर्थ वेगळा होतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. दरम्यान १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून निघालेल्या लाँग मार्चमधील माणसे दया मागत नव्हती. ती हक्क मागत होती. ९ ऑगस्ट २०१६ रोजी छत्रपती संभाजीनगरातून मराठा क्रांती मूक मोर्चांची सुरुवात झाली. त्यांच्या निरोपांसाठी समाजमाध्यमे वापरली गेली, पण वजन आले ते रस्त्यावर प्रत्यक्ष आलेल्या माणसांमुळे. आंदोलक स्वतःचा चेहरा स्वतः पुढे करतो. मदतीच्या आवाहनात तो बहुधा दुसराच कोणीतरी पुढे करतो. पहिल्यात माणूस कर्ता असतो, दुसऱ्यात तो साधन बनण्याचा धोका असतो.

म्हणून नव्या साधनांची कसोटी किती रक्कम जमली एवढ्यावर संपत नाही. गरजेची खातरजमा रुग्णालयाने किंवा संस्थेने करावी आणि दात्याला खर्चाचा हिशेब मिळावा. रुग्णाचे छायाचित्र त्यासाठी आवश्यक नाही. आवाहनाची मुदत संपताच तपशील काढून टाकता येतो. व्यक्तीऐवजी कायम निधीला देणगी देता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे, पण आदर कायद्याने निर्माण होत नाही. तो देणाऱ्याच्या आणि मध्यस्थाच्या विवेकातूनच यावा लागतो. तंत्रज्ञानाने दान सोपे झाले आहे. घेणाऱ्याची प्रतिष्ठा राखून ते केले, तरच ते सात्त्विक राहते.