अन्नशुद्धीचा नियम

अन्न शुद्ध कशाने होते, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराने फार प्राचीन काळी उपस्थित केला, आणि पतंजलींनी शौचाची गणना नियमांत, म्हणजे साधकाने स्वतःवर घालून घ्यावयाच्या बंधनांत केली, यातच त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे असे मला वाटते. परंतु पुढे आचारधर्माचा अंमल जसजसा कठोर होत गेला, तसतसे स्वतःच्या हातांविषयीचे हे बंधन दुसऱ्याच्या स्पर्शावर ठेवावयाचा आरोप होऊन बसले. १९२७ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, ते तळे शुद्ध करावयाचे म्हणून त्यात शेण-गोमूत्र मिसळलेल्या घागरी ओतण्यात आल्या, हा त्या विपर्यासाचा दाखला याच जिल्ह्याच्या इतिहासात नमूद आहे.

म्हणून जिल्ह्याच्या उत्तर भागात, कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यात, उन्हाळी शिबिरांतून मुलांना अन्नसुरक्षा व सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणे हे मला केवळ आरोग्यखात्याचे काम वाटत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या दोन फोडींपैकी एकीला न धुतलेले बोट लावावे, दुसरीला साबणाने धुतलेले, आणि दोन्ही काचेखाली झाकून ठेवाव्यात. काही दिवसांनी त्यांवर उमटणारे ठिपके हात धुतले होते की नाही एवढेच सांगतात, हात कोणाच्या घरचा होता हे सांगत नाहीत.

भाताचे उदाहरण तर या मुलांच्या ताटातलेच. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही तगतात, वैशाखाच्या उकाड्यात भात तसाच राहिला की ते उगवतात, आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. अनुकूल उष्णतेत दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा एक जंतू सात तासांत वीस लाखांवर जातो, ही गणना मुलांनी स्वतः करावी. शिळे अन्न वर्ज्य मानणाऱ्या आजीची दृष्टी खरोखर सूक्ष्म होती, हे त्यांना तेव्हा पटेल. आणि दुधाचे दही करणारेही जंतूच असतात हे कळल्यावर, अदृश्य ते सर्व अपवित्र हा ग्रहही सुटेल.

मात्र एक गोष्ट मला अस्वस्थ करते. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी पेज नदीला उन्हाळ्यातही वाहते ठेवते, परंतु डोंगरउतारावरील कित्येक ठाकूर-कातकरी वाड्यांत त्याच दिवसांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. तिथल्या मुलीला हात धुण्याचा उपदेश करून परत पाठविणे म्हणजे शौचाला पुन्हा आरोपाचे रूप देणे होय. शिबिराची तजवीज करणाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या खर्चाआधी त्या वाडीच्या पाण्याचा व साबणाचा खर्च अंदाजपत्रकात मांडावा, आणि तेवढी रक्कम उभी राहत नसेल, तर सूक्ष्मदर्शक पुढच्या वर्षी घ्यावा.