वाट चुकल्यावर



जातकात वण्णुपथ नावाची एक कथा आहे. वाराणसीचा एक तांडानायक 60 योजनांचे वाळवंट ओलांडीत होता. दिवसा वाळू निखाऱ्यासारखी तापे, म्हणून गाड्या रात्री चालत आणि वाटाड्या ताऱ्यांवरून दिशा सांगे. 59 योजने सरली. आता एकच रात्र उरली असे समजून माणसांनी सरपण व पाणी टाकून दिले. त्या रात्री जागरणाने थकलेल्या वाटाड्याचा डोळा लागला, बैल उलटे फिरले आणि उजाडल्यावर पाहतात तो कालचाच मुक्काम! माणसे हताश होऊन गाड्यांखाली आडवी झाली.

नायक मात्र सकाळच्या गारव्यात फिरून जमीन पाहू लागला. एके ठिकाणी दर्भाचा झुबका दिसला. गवत आहे त्या अर्थी खाली पाणी असले पाहिजे, हा कार्यकारणभाव त्याने ओळखला. 60 हात खणल्यावर कातळ लागला आणि सर्वांनी हात टेकले. नायक खड्ड्यात उतरला, कातळाला कान लावला, आत पाणी वाहताना ऐकले आणि एका तरुण सेवकाला घण घालायला सांगितले. कातळ फुटला, पाणी उसळले. सूर्य मावळल्यावर तांडा पुढे निघाला.

प्रयत्न सोडून बसलेल्या एका भिक्खूला तथागतांनी ही कथा सांगितली, असे जातकात म्हटले आहे. परंतु ज्याची रानात खरोखर वाट चुकली आहे, त्यालाही ती जशीच्या तशी लागू पडते.

2009 साली जर्मनीतील संशोधकांनी काही माणसांना जंगलात व सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून पाहिले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. तो झाकला जाताच गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. म्हणून वाट चुकल्याचे कळताच पहिले काम म्हणजे थांबणे. घाबरलेले मन पाय पळवते. पळणारे पाय माणसाला शोधणाऱ्यांपासून दूर नेतात.

23 जून 2018 रोजी थायलंडमध्ये 12 मुले व त्यांचे फुटबॉल प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत पुराच्या पाण्याने अडकले. प्रशिक्षक पूर्वी भिक्खुसंघात राहिलेले होते. त्यांनी मुलांना स्वस्थ बसून ध्यान करायला शिकवले. मुले भिंतीवरून ठिबकणारे पाणी पीत आणि आळीपाळीने दगडांनी भिंत खणत. 2 जुलैला पाणबुडे पोचले, 10 जुलैपर्यंत तेराही जण सुखरूप बाहेर आले. मात्र या कामात समन कुनान या माजी नौसैनिकाला प्राण गमवावे लागले. एकाच्या वाट चुकण्याने दुसऱ्याचा जीव पणाला लागतो, हेही विसरू नये.

आपली मुले आता पावसाळ्यात गडकिल्ल्यांवर जातात. त्यांना पुढील गोष्टी शिकवा. कोठे जातो आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. शिट्टी, विजेरी, पाणी आणि एक कोरडा कपडा जवळ ठेवावा. धुक्यात वाट हरवली तर जागीच थांबावे. सह्याद्रीत ओढ्याच्या पात्रातून खाली उतरू नये. तो ओढा पुढे कड्यावरून कोसळतो. अंधार पडण्याआधी आडोसा शोधावा, ओले कपडे बदलावे, ओल्या जमिनीवर तसेच निजू नये. मिनिटभरात सहा शिट्ट्या वाजवाव्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. फोन लागत असेल तर 112 क्रमांकावर आपले ठिकाण कळवावे आणि बॅटरी जपावी. सोबत्यांनी पांगू नये.

अशा वेळी नवस बोलून वाट सापडत नाही. चित्त स्थिर करणे ही समाधी, भोवतालच्या खुणांवरून खरे काय ते जाणणे ही प्रज्ञा आणि कातळ लागल्यावरही घण उचलणे हे वीर्य. हे तिन्ही गुण संकटाच्या रात्री एकाएकी उगवत नसतात. त्यांचा सराव घरी, शाळेत, विहारात रोज करावा लागतो.

आणि एक लक्षात ठेवा. तांड्याने पाणी टाकले ते वाट चुकल्यानंतर नव्हे, तर आता पोचलोच असे वाटले तेव्हा. त्यालाच प्रमाद म्हणतात. उंबरठा ओलांडेपर्यंत पाणी जपा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!