हलाल तर आहे. पण तय्यिब आहे का?



आपल्या अनेक घरांतील माता खाऊचे पाकीट हाती घेताच त्यात जनावराची चरबी किंवा जिलेटिन तर नाही ना, हे बारकाईने पाहतात. ही दक्षता स्तुत्य आहे, ईमानाची निशाणी आहे. परंतु तेवढे पाहून झाले की पाकीट निश्चिंत मनाने मुलाच्या हाती दिले जाते आणि दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. दिव्य कुरआनात सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत अल्लाहने समस्त मानवांना भूमीवरील जे अन्न खाण्यास सांगितले आहे, त्याला दोन विशेषणे लावली आहेत : हलाल आणि तय्यिब. हलाल म्हणजे वैध. तय्यिब म्हणजे शुद्ध, उत्तम, हितकर. पहिल्या शब्दाची आपण राखण केली. दुसरा शब्द मात्र आपल्या दस्तरख्वानावरून हळूहळू उठून गेला.

आहारशास्त्रज्ञ ज्याला अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणतात, ते काय असते? इन्स्टंट नूडल्स, चटकदार कुरकुरीत पाकिटे, क्रीमची बिस्किटे, रंगीत शीतपेये. धान्य, तेल आणि साखर यांचे कारखान्यात घटक वेगळे करून, त्यांत कृत्रिम स्वाद, रंग व टिकाऊपणाची द्रव्ये मिसळून हे पदार्थ बनवले जातात. त्यांच्या वेष्टनावरील यादी वाचा. त्यातील निम्म्या वस्तू आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात कधी आल्याच नव्हत्या.

२०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांवर एक प्रयोग झाला. दोन आठवडे त्यांना असे अन्न व दोन आठवडे साधे, ताजे अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत साखर, मीठ, स्निग्धांश सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्न खाताना तीच माणसे दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाऊ लागली आणि त्यांचे वजन वाढले. आता प्रेषित मुहम्मद (स.) यांची ती शिकवण आठवा, जी तिर्मिजीच्या संग्रहात आली आहे : पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी. ज्या अन्नाने प्रौढांनाही ही मर्यादा सांभाळता येत नाही, ते आपण सात वर्षांच्या बालकाच्या हाती देतो आणि मग ते जेवत नाही म्हणून त्यालाच रागावतो.

यावर अनेकदा उत्तर मिळते, “मूल ऐकत नाही, रडते, मन मोडवत नाही.” बंधूंनो, आपल्या नातवंडांवर प्रेषितांहून अधिक प्रेम कोणी केले असेल? तरीही सहीह बुखारीत नोंद आहे की, बालवयातील हजरत हसन (रजि.) यांनी सदक्याच्या खजुरांपैकी एक खजूर तोंडात टाकला, तेव्हा प्रेषितांनी तो त्यांना तोंडातून काढून टाकायला लावला. तेथे कारण वेगळे होते. प्रेषितांच्या कुटुंबासाठी सदका वैध नव्हता. परंतु त्या प्रसंगातून एक तत्त्व स्पष्ट होते : मुलाच्या तोंडात जाणाऱ्या घासाची जबाबदारी मुलाची नव्हे, पालकाची आहे. तो खजूर काढून टाकायला लावणे, हेही प्रेमच होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अल्लाहने जे निषिद्ध केले नाही, ते आपल्या जिभेने हराम ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. एखाद्या दिवशी खाल्लेले बिस्कीट म्हणजे गुनाह नव्हे. दिवसभर राबून थकलेल्या ज्या मातेला पाच रुपयांचे पाकीट हाच सोपा आधार वाटतो, तिला दोष देण्याचाही आपल्याला हक्क नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे आणि सवय मोठ्यांपासून सुरू होते.

म्हणून काही गोष्टी आजच करता येतील. डब्यात भाकरी-भाजी, उकडलेले अंडे, भाजलेले चणे-शेंगदाणे, केळे द्यावे. रमजानमध्ये रोजा खजूर व पाण्याने सोडावा. रंगीत शीतपेयाच्या एका लहान बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, हे लक्षात ठेवावे. मकतबमध्ये सबक पूर्ण केलेल्या मुलांना बक्षीस म्हणून पाकिटे वाटली जातात. त्याऐवजी फळ द्यावे. शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिमीठ, अतिसाखर व अतिस्निग्ध पदार्थ विकू नयेत, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत त्याची आठवण करून द्यावी. आणि दिवसातून एकदा तरी आई-वडिलांनी मोबाइल दूर ठेवून, बिस्मिल्लाह म्हणून मुलांसोबत एकाच दस्तरख्वानावर जेवावे.

तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यातील जिवांविषयी विचारले जाईल, असे प्रेषितांनी बजावले आहे. निरोगी शरीर घेऊन जन्मलेले मूल ही अल्लाहची अमानत आहे. ती परत करताना आपली मान खाली जाऊ नये.

हे अल्लाह! आमच्या मुलांच्या घासात हलाल आणि तय्यिब दोन्ही एकत्र ठेव आणि आम्हांला त्यांचे खरे राखणदार बनव. आमीन.