हे तुला कशासाठी हवंय?



आजचं वाचन: महाभारत, सौप्तिक पर्व, अध्याय १२ ते १५.

सौप्तिक पर्व म्हटलं की आपल्याला ती काळरात्र आठवते. युद्ध संपलंय, पांडवांची छावणी झोपलीय आणि अश्वत्थामा आत शिरून धृष्टद्युम्नाला, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. भीम चवताळून त्याच्या मागे निघतो. तेव्हा श्रीकृष्ण युधिष्ठिराला थांबवून एक जुनी गोष्ट सांगतो. ही गोष्ट कीर्तनात फारशी ऐकू येत नाही, म्हणून आज ती आधी सांगतो.

द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला दिलं ते प्रसन्न होऊन. अश्वत्थाम्याला मात्र दिलं त्याच्या हट्टापायी. मुलाचा चंचल स्वभाव बापाला ठाऊक होता. म्हणून देताना बजावलं, कितीही मोठं संकट आलं तरी हे वापरू नकोस, माणसांवर तर मुळीच नको.

पुढे पांडव वनवासात असताना अश्वत्थामा द्वारकेला गेला. यादवांनी त्याचा चांगला पाहुणचार केला. एक दिवस समुद्रकिनारी श्रीकृष्ण एकटा असताना त्याने सौदा मांडला. माझं ब्रह्मशिर तू घे, तुझं सुदर्शन मला दे. श्रीकृष्ण म्हणाला, तुझं मला काही नको, माझ्या शस्त्रांपैकी जे उचलता येईल ते घेऊन जा. अश्वत्थाम्याने चक्राला आधी डावा हात घातला, मग उजवा. सगळा जोर लावला, पण चक्र जागचं हललं नाही.

मग श्रीकृष्णाने विचारलं. माझा जिवलग अर्जुन, माझा मुलगा प्रद्युम्न, दादा बलराम, यांच्यापैकी कुणीही हे कधी मागितलं नाही. तू मागितलंस. कशासाठी हवंय? कुणाशी लढणार आहेस?

अश्वत्थाम्याचं उत्तर ऐका. आधी तुझी पूजा केली असती आणि मग तुझ्याशीच लढलो असतो, म्हणजे जगात मला कुणी जिंकू शकलं नसतं!

ही गोष्ट गेले काही दिवस डोक्यात घोळतेय, कारण टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका जवळच्या मित्राने फोनवर विचारलं, "घरात बंदूक ठेवणं आपल्या धर्मात बसतं का रे?" एच-वन-बी व्हिसावर असताना हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तशा व्हिसावर असलेल्याला काही मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड हातात आलं, स्वतःचं घर झालं, शेजारी सगळ्यांकडे आहे असं कळलं, की येतो. टेक्सासमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल घेऊन बाहेर फिरायलाही परवाना लागत नाही.

मित्राने दुकानातल्या फॉर्मबद्दल सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटलं. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना एक फॉर्म भरावा लागतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालीय का, घरगुती हिंसाचाराची केस आहे का, बेकायदा ड्रग्ज घेता का, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, असे प्रश्न असतात. मग पार्श्वभूमीची तपासणी होते. पण कशासाठी घेताय, हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नाही. श्रीकृष्णाने विचारलेला तेवढाच प्रश्न तिथे गाळलाय.

आणि तो चुकून गाळलेला नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. हक्क बजावताना कारण द्यायचं नसतं. आपण देवळात का जातो किंवा मत का देतो, हे कुणी विचारलं तर आपल्यालाही राग येईलच. न्यूयॉर्क राज्यात शंभरेक वर्षं वेगळी रीत होती. पिस्तूल लपवून सोबत बाळगायचं तर स्वतःपुरतं काही खास कारण दाखवावं लागे, नुसतं 'भीती वाटते' चालत नसे. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती अट रद्द केली. २०२४ मध्ये त्याच कोर्टाने आठ विरुद्ध एक मताने सांगितलं, की जोडीदाराला धोका आहे असं ठरवून कोर्टाने ज्याला लांब राहायला बजावलंय, त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते. म्हणजे तिथल्या कायद्याला 'तू कोण आहेस, काय केलंयस' हे विचारता येतं, पण 'तुला हे का हवंय' हे विचारणं त्याच्यासाठी फार अवघड झालंय.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना, त्यासाठी पोलिसांचा अहवाल आणि मागणाऱ्याकडे सबळ कारण लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर तुरुंगवास होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना मारलं. त्यानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या आणि परवान्यासाठी खरं कारण दाखवणं बंधनकारक केलं. शेती, शिकार, नेमबाजीचा खेळ चालेल. स्वसंरक्षण हे कारण तिथे धरलं जात नाही.

आता कुणाला वाटेल, झालं तर, श्रीकृष्णाचा प्रश्न विचारणारा देश शहाणा आणि न विचारणारा वेडा. इतकं सोपं असतं तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती.

कारण प्रश्न विचारणारा श्रीकृष्ण नसतो, हापिसातला माणूस असतो. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला तेव्हा परवान्याची अट भारतीयांना होती, युरोपियन लोकांना सूट होती. तिथे 'कशासाठी हवंय' याचा खरा अर्थ 'तुझ्यावर आमचा विश्वास नाही' एवढाच होता. न्यूयॉर्कच्या खटल्यात तर गरिबांचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या एका गटानेच त्या अटीविरुद्ध कोर्टात निवेदन दिलं. अशा परवान्याअभावी तुरुंगात जाणारे त्यांचे अशील बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. शिवाय कायदा प्रश्न विचारतो तो दारात येऊन परवाना मागणाऱ्याला. गावठी कट्टा घेणारा कुणाला विचारायला जातो? आपल्याकडे गोळीबारातल्या बहुतेक खुनांत बिनपरवाना हत्यारच असतं.

हे सगळं मला पटतं. तरीही प्रश्नच काढून टाकावा, हे पटत नाही. विचारणारा मनमानी करत असेल तर निकष लेखी हवेत, नकार लेखी हवा, अपिलाची सोय हवी. आपल्या कायद्यात कागदावर तरी ही सोय आहे. विचारणाऱ्याला लगाम घाला, पण प्रश्न राहू द्या. आणि जिथे कायद्याला तो विचारता येत नाही, तिथे तो प्रश्न स्वतःला विचारण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर दुप्पट येते.

मित्राला मी तोच विचारला. तो म्हणाला, "भीती वाटते रे. रात्री बायको-मुलं घरात असतात." हे उत्तर खोटं नाही आणि हलकंही नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत बंदूक असलेल्या अमेरिकन लोकांपैकी ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण म्हणून सांगितलं. आपला धर्मही 'हातात शस्त्र नकोच' असं सांगत नाही. गीता रणांगणावरच सांगितली गेली आणि दसऱ्याला आपण शस्त्रं पुजतो. कुटुंबाचं रक्षण हे गृहस्थाचं कर्तव्यच आहे.

पण पुढचे तीन अध्याय वाचा. गंगेच्या काठी पांडवांनी गाठलं तेव्हा अश्वत्थाम्याने गवताची काडी उचलली, तिच्यावर ब्रह्मशिर मंत्रून पांडवांच्या नाशासाठी सोडलं. श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनानेही अस्त्र सोडलं. पण सोडण्याआधी त्याने सगळ्यात पहिल्यांदा कुणाचं कल्याण चिंतलं असेल? समोरच्या गुरुपुत्राचं! मग स्वतःचं आणि भावांचं. आणि संकल्प केला तो फक्त समोरचं अस्त्र शांत व्हावं एवढाच. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले, तशी अर्जुनाने अस्त्र मागे घेतलं. अश्वत्थाम्याला ते जमेना. तेव्हा तो व्यासांना काय सांगतो? भीमाच्या भीतीने, जीव वाचवायला सोडलं. म्हणजे स्वसंरक्षणच! आणि ते अस्त्र शेवटी वळलं पांडवस्त्रियांच्या गर्भांवर, उत्तरेच्या पोटातल्या बाळावर.

भीती वाटणं हा अधर्म नाही. पण भीती ओसरते आणि तिच्यापायी हातात घेतलेलं शस्त्र घरातच राहतं. त्याची दिशाही बदलू शकते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चोरासाठी आणलेली बंदूक एखाद्या वाईट रात्री घरातल्याच माणसाच्या हाती लागते. ती रात्र टळली असती तर त्यातले कितीतरी जण सकाळी वेगळा विचार करू शकले असते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक साधी गोष्ट पाळतो. जो बदल रोलबॅक करता येतो तो पटकन सोडला तरी चालतो. ज्याला रोलबॅक नाही, त्याची तपासणी आधीच कडक करायची, कारण नंतर करण्यासारखं काही उरत नाही. अर्जुनाकडे रोलबॅक होता. बंदुकीची गोळी मात्र अर्जुनालाही परत बोलावता येणार नाही. म्हणून संयम ट्रिगरवर बोट गेल्यावर आणून उपयोग नाही, तो खूप आधी, ठेवण्यात आणि बाळगण्यात हवा.

पांडवांनी हेही दाखवून ठेवलंय. अज्ञातवासाला जाताना त्यांनी शस्त्रं शमीच्या झाडावर नीट बांधून ठेवली आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही बांधलं. गांडीवासारखं धनुष्य, आणि वर्षभर हात लावला नाही! आजच्या भाषेत सांगायचं तर गोळ्या काढलेली बंदूक कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. घरात कुणाचं मन खचलेलं असेल, दारू वाढली असेल, भांडणं विकोपाला गेली असतील, तर तिथल्या कायद्यात बसेल तशी ती काही काळ घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. हीच आपली शमी. (आणि हे वाचणाऱ्यापैकी कुणालाही स्वतःला जड जात असेल तर भारतात १४४१६ आणि अमेरिकेत ९८८ हा नंबर कुठल्याही वेळी लावता येतो. फोन करा. लाज वाटायचं काहीच कारण नाही.)

मित्राला मी घे किंवा नको घेऊ, यातलं काहीच सांगितलं नाही. घर त्याचं, तिथला कायदा त्याचा. एवढंच म्हटलं, की दुकानात कुणी विचारणार नाही, म्हणून देवघरासमोर बस आणि उत्तर मोठ्याने बोल. वहिनींनाही ऐकू जाऊ दे.

अश्वत्थाम्याबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. श्रीकृष्णाने विचारलं तेव्हा तो खोटं बोलला नाही. मनात होतं ते त्याने सांगून टाकलं. ते शब्द त्याच्या स्वतःच्या कानांवरही पडलेच असतील, आणि त्या दिवशी तो द्वारकेहून चक्र न घेता परत गेला. दुर्दैव एवढंच, की घरी हट्ट करून मिळवलेल्या अस्त्राबद्दल त्याने स्वतःला हा प्रश्न कधी विचारला नाही.

आजचं चिंतन एवढंच. कुणालाही इजा करू शकेल अशी वस्तू हातात घेण्याआधी स्वतःला विचारायचं, हे मला कशासाठी हवंय? जे उत्तर येईल ते श्रीकृष्णासमोर बोलता येईल का, ते पाहायचं.

जय जय रामकृष्णहरी!