चढता येतं म्हणून चढायचं का?

बामणोलीहून लाँच सुटली की तास-दीड तास काहीच करायचं नसतं. मोबाईलची रेंज जाते. शिवसागराचं पाणी आणि दोन्ही बाजूंनी जंगल. गेल्या डिसेंबरात आम्ही ऑफिसातले पाचजण वासोट्याला निघालो होतो. पलीकडे मेट इंदवलीला उतरलो, पिशवीतल्या प्लास्टिकची नोंद केली आणि चालायला लागलो. गाव कधीच उठलंय. ओढ्याजवळ मारुती आणि गणपती मात्र आहेत, उघड्यावर.

वासोट्याला शिवाजी महाराजांनी व्याघ्रगड नाव दिलं. २०१० पासून हे जंगल खरोखरच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. साताऱ्याकडचं कोयना अभयारण्य आणि सांगलीकडचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला. वर पोचल्यावर बाबूकड्यापाशी फोटो काढला आणि रेंज आल्यावर सांगलीच्या कॉलेजातल्या मित्राला पाठवला. त्याचं मूळ गाव चांदोलीच्या जंगलात होतं. आता घर वाळवा तालुक्यातल्या वसाहतीत.

त्याचं उत्तर आलं, "भारी! पावती फाडली की लगेच सोडलं ना? आमच्या आजाला गावदेवाला जायचं तर आधी अर्ज करावा लागतो."

तो चिडून बोलला नव्हता. पण माझा फोटो मला परत बघवेना.

त्याच आठवड्यात मी उलुरूबद्दल वाचत बसलो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात वालुकाश्माचा हा एकच प्रचंड डोंगर, सपाटीपासून ३४८ मीटर उंच. अनांगू लोकांसाठी तो पवित्र. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ती जमीन त्यांना परत दिली आणि त्यांनी ती उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाड्याने दिली. 'कृपया चढू नका' अशी पाटी वर्षानुवर्षं होती, तरी लोक चढत होते. शेवटी २०१९ साली, त्याच २६ ऑक्टोबरपासून चढाई बंद झाली. बंद होणार म्हटल्यावर आधीचे काही आठवडे पायथ्याशी रांगा लागल्या. खरं सांगायचं तर मी तिथे असतो तर त्या रांगेत असतो.

तिथे ज्यांचा डोंगर त्यांनी 'नको' म्हटलं आणि ते, उशिरा का होईना, ऐकलं गेलं. त्यांनी 'येऊ नका' म्हटलेलं नाही. डोंगराभोवती हवं तेवढं फिरा, फक्त डोक्यावर चढू नका. आपल्याकडे ज्यांचा डोंगर ते खाली वसाहतीत आणि चढतोय मी.

वाघाला माणसांपासून मोकळं जंगल लागतं, हे मला पटतं. धरण नको होतं असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, ज्या राज्यात माझा लॅपटॉप चार्ज होतो ते कोयनेच्या विजेवर वाढलंय. गावं पुन्हा आत नेऊन बसवा, असंही माझं म्हणणं नाही. पण जंगलासाठी ज्यांनी घर सोडलं त्यांना अर्ज, आणि ज्यांनी काहीच सोडलं नाही त्यांना पावती, हा हिशोब मला जुळवता येत नाही.

कामावर कुणी सर्व्हरचा ॲक्सेस मागितला की आम्ही विचारतो, कशासाठी हवाय? 'मला वापरता येतो' हे कारण चालत नाही. डोंगराच्या बाबतीत मात्र पाय धड आहेत, सुट्टी आहे आणि पावती आहे, एवढं मला पुरलं. पावती म्हणजे परवानगी. तिला मी हक्क समजत होतो. 'नको' म्हणण्याचा हक्क ज्यांनी किंमत मोजली त्यांचा, आणि माझ्या माहितीत तरी त्यांना कुणी विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून मित्राला फोन केला. म्हटलं, पुढच्या जत्रेला आजोबांबरोबर मलाही ने. वर कुठे चढत नाही, त्यांची पिशवी धरतो.

तो म्हणाला, "ये की. पण अर्जात तुझं नातं काय लिहू?"

मी अजून सांगितलेलं नाही.