प्रपंचातील संग्रह : टाकावे काय, राखावे काय?

संग्रहाचा विषय निघाला की आम्हां कीर्तनकार मंडळींचा आवाज आपोआप चढतो. ‘सोडा, टाका, मोकळे व्हा’ हे सांगावयास सोपे आणि ऐकावयास गोड. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगणारा आपली पडशी उचलून पुढच्या गावाला निघून गेलेला असतो. मागे राहिलेल्या घरात त्या उपदेशाचे काय होते, हे पाहण्याचा योग सहसा येत नाही. गेल्या माघात तो आम्हांस आला, म्हणून हे चार शब्द.

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका माणिकगड पहाडावर वसलेला आहे. गोंड आणि कोलाम हे तेथील जुने रहिवासी. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्याकडील पुष्कळ कुटुंबे पोटासाठी या पहाडावर चढली. कोणी बैलगाडीने आले, कोणी डोक्यावर गाठोडे घेऊन पायी आले. त्यांच्याबरोबर टाळ आले, पंढरीची वारी आली, सप्ताहही आले. अशाच एका गुड्यावरील सप्ताहात आमची सेवा होती आणि मुक्काम एका वारकऱ्याच्या घरी होता.

घर दोन खोल्यांचे, वर पत्रे. त्यांतील एक खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली. भाव येईपर्यंत तो कापूस घरातच राहावयाचा. उरलेल्या एका खोलीत चूल, देव, माणसे आणि घरधन्याचा संग्रह. हा संग्रह म्हणजे काय, तर दर वारीला एक याप्रमाणे पंढरपुराहून आणलेल्या एकवीस तसबिरी, चंद्रभागेच्या पाण्याच्या बाटल्या, बुक्क्याच्या पुड्या, फुटका पखवाज, जुनी पंचांगे, सप्ताहांच्या पत्रिका, तळ गेलेला पितळी हंडा, आणि सुतळीने बांधून ठेवलेले आमच्याच या मासिकाचे जुने अंक. भिंतीला लागून एक पत्र्याची पेटी. आम्हांस निजण्यासाठी जागा केली तेव्हा घरच्या मंडळींना अंगणात जावे लागले. तरी सांगतो, ते घर उबदार वाटले. कोठेही हात घातला तर कोणाची ना कोणाची आठवण हाताला लागत होती.

त्या रात्री आम्ही कीर्तनात तुकोबांचे चरित्र लावले. १६३० च्या सुमाराचा तो घोर दुष्काळ, त्यात पहिली पत्नी आणि मुलगा गेले, दिवाळे निघाले. आणि मग महाराजांनी सावकारीची खते काढून इंद्रायणीत बुडविली. ही कथा सांगताना आम्ही श्रोत्यांना विचारले, ‘तुमच्या पेटीत काय आहे? कशाला कवटाळून बसला आहात? टाका बापांनो, नदीत टाका!’ मंडळींनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही मनातून सुखावलो.

सकाळी उठून पाहतो तो घरधनी ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन नाल्याकडे निघालेले. मागे त्यांची कारभारीण धावत आलेली, आणि दारात सून उभी, कडेवर तीन महिन्यांचे लेकरू.

‘महाराज, तुमी रातच्याला सांगितलं, म्हणून निघालो,’ घरधनी म्हणाले.

कारभारणीने पेटीची कडी धरली. म्हणाली, ‘महाराज, तुमाला काय ठावं यात काय हाय ते? हे कागद गेले तर आमी इथले न्हाईत असं म्हणतील की!’

आणि सून हळूच म्हणाली, ‘मामा, पेटी राहू द्या. पर लेकराचा पाळणा कुठं बांधू तेवढं सांगा.’

वाचकहो, रात्रभर आम्ही जो उपदेश केला होता त्याची परीक्षा या तीन वाक्यांनी झाली, आणि आम्ही तीत नापास झालो. ते कसे, हे सांगतो.

पेटी उघडून पाहिली. आत घरपट्टीच्या पावत्या होत्या, रद्द झालेली जुनी शिधापत्रिका होती, मतदान ओळखपत्रे, दंडाची एक पावती, शाळेचे दाखले. शहरातील माणूस याला रद्दी म्हणेल. पण हा पहाड कोणत्या कागदांखालून गेला आहे ते पाहा. राजुऱ्याकडील हा सारा मुलूख एके काळी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला, १९५९ साली चांद्याला आला. तेलंगणाच्या सीमेवरील मुकदमगुडा, महाराजगुडा यांसारख्या चौदा गावांवर दोन राज्यांनी वर्षानुवर्षे हक्क सांगितला, आणि तेथील पुष्कळ घरांनी दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका जपल्या. जागेवरून माणूस हलला नाही, पण त्याच्या कागदावरचा शिक्का बदलत राहिला.

त्यातून जमीन बहुतेक जंगलाची. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, जो आदिवासी नाही त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपले लोक त्या वनावर अवलंबून राहत आले आहेत हे दाखवावे लागते. आता १९७२ ते २००५ ही तर तेहेतीसच वर्षे होतात! म्हणजे ती पेटी पुरी भरली तरी हिशेब पुरा होत नाही. पण म्हणून कोणी ती फेकील काय? ज्याच्या नावाने सातबारा आहे, बँकेत पासबुक आहे, त्याने कागदाची आसक्ती सोडावी असे म्हणणे निराळे. ज्याला ‘तू येथला कशावरून?’ असे विचारले जाते, त्याच्या हातातील पावती ही आसक्ती नव्हे. तो त्याच्या तोंडातील शब्द आहे. तो आम्ही नदीत टाकावयास सांगत होतो.

बरे, तुकोबांचा दृष्टांत तरी आम्ही नीट सांगितला होता काय? महाराजांनी बुडविले ते काय होते? ती कर्जाची खते होती. लोकांनी त्यांना देणे लागत असल्याचा तो पुरावा होता. दुष्काळाने पिचलेल्या कुळांच्या मानेवरचे ते जोखड होते. महाराजांनी आपला भार कमी केला हे तर खरेच. पण त्याआधी दुसऱ्यांचा भार कमी केला. आणि आणखी एक गोष्ट आम्ही कीर्तनाच्या भरात नेहमी गाळतो. त्यांनी खतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि बुडविला तो आपला अर्धा. भावाला त्यांनी बळेच विरक्त केले नाही. वैराग्य हे ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या पेटीवर आपले वैराग्य चालविणे याला शास्त्रात काय म्हणतात ते असो, साध्या मराठीत त्याला दांडगाई म्हणतात.

पुढे त्याच इंद्रायणीत अभंगांच्या वह्याही गेल्या, आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा आपण सर्व जाणतो. नदी एकच, कागदही दोन्ही वेळा कागदच. पण सावकारीची खते परत यावीत असे कोणालाच वाटले नाही आणि अभंगांसाठी सारे लोक तळमळले. तेव्हा संग्रह म्हटला की तो टाकाऊच, असा सरसकट न्याय आपल्या संप्रदायाला लागू पडत नाही. किंबहुना आपला संप्रदाय घराघरांतील जपणुकीवर जगला आहे. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अनेक प्रती पडताळून. त्या प्रती कोणी तरी लहानशा घरात, कोनाड्यात, फडक्यात गुंडाळून तीन शतके राखल्या होत्या. १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापून निघाली, तीही देहू, तळेगाव अशा ठिकाणी जपलेल्या वह्यांच्या आधारे. त्या घरांतील एखाद्या सुनेने ‘हा काय पसारा’ म्हणून वह्या चुलीत घातल्या असत्या तर आपण आज काय म्हटले असते?

मग जपणे हेच पुण्य म्हणावयाचे काय? तसेही नव्हे. कारण तिसरा प्रश्न सुनेचा होता आणि त्याचे उत्तर अजून राहिले आहे. लेकराचा पाळणा कुठे बांधावा?

येथे घरधन्यांच्या जपणुकीचे दुसरे अंग दिसले. एकवीस तसबिरींनी भिंत भरली होती. पांडुरंग एकच, पण दरवर्षी नवी तसबीर आणली म्हणजे वारी पदरात पडल्यासारखे त्यांना वाटे. फुटका पखवाज वडिलांचा, म्हणून तो खाली ठेवावयाचा नाही. तळ गेलेला हंडा गावाकडचा, म्हणून मोडीत द्यावयाचा नाही. प्रत्येक वस्तूला कारण होते आणि प्रत्येक कारण खरे होते. पण त्या साऱ्या खऱ्या कारणांच्या गर्दीत तीन महिन्यांच्या जिवाला दोन हात जागा उरली नव्हती. गेलेल्यांची आठवण आलेल्याची जागा खाऊ लागली की तेथे प्रेमाचा मोह झाला असे समजावे. मोह काही निराळ्या वस्तूत नसतो. तीच वस्तू, तेच प्रेम. फक्त ते माणसाला सरका म्हणू लागते.

पुण्यात दिनकर केळकर नावाचे गृहस्थ होऊन गेले. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी, दरवाजे. गावोगाव हिंडून त्यांनी आयुष्यभर हजारो जिनसा राहत्या घरी आणल्या. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि पुढे सबंध महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून कोणालाही पाहता येतो. ज्या दुःखाने माणूस वस्तूंना कवटाळून बसावयाचा, त्याच दुःखाने त्यांना घराचे दार सर्वांसाठी उघडावयास लावले. जो संग्रह देता येतो तो ठेव होय. जो देण्याच्या कल्पनेनेच छाती धडधडते तो आपला धनी झालेला असतो. आपण त्याचे राखणदारही नव्हे, चाकर.

कोणी म्हणेल, त्या पहाडावरच्या कोलामांकडे पाहा, चार बांबूच्या टोपल्या आणि दोन गाडगी, काय तो साधेपणा! हे बोलणे आम्हांस पटत नाही. ज्याच्याजवळ कमी आहे तो विरक्तच, असे ठरविणे हा भरल्या पोटाचा आळस आहे. मिळाले नाही आणि टाकले, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. विरक्तीचा उपदेश ज्याच्या घरात टाकण्यासारखे काही आहे त्यालाच करावा, आणि तोही स्वतःपासून सुरू करून.

तेव्हा त्या सकाळी आम्ही नाल्यावर गेलो नाही. अंगणातच बसलो आणि रात्रीचे आमचे बोलणे मागे घेतले. घरधन्यांना एवढेच विचारले, ‘बाबा, यातले तुमचे एकट्याचे काय, आणि घराचे काय?’ कागद घराचे होते. ते पेटीत राहिले, फक्त पेटी चुलीपासून दूर उंचावर गेली. तसबिरी त्यांच्या एकट्याच्या होत्या. काल्याच्या दिवशी त्यांनी एक ठेवली आणि वीस तसबिरी आपल्या हाताने गुड्यावरच्या वीस घरी दिल्या. देताना त्यांचे डोळे भरले होते, हे आम्ही लपवीत नाही. हंडा मोडीत गेला. पखवाज शेजारगावच्या भजनी मंडळाने पुडी बसवून वाजता करण्यासाठी नेला. आमच्या मासिकाचे अंकही त्यांनी वाटावयास काढले. तेव्हा आमचा जीव थोडा खाली-वर झाला, आणि आसक्ती कोणाची, हे आमचे आम्हांस कळले.

शेवटी पेटीच्या तळाशी एक टाळ निघाला. जोडीतला एकच. आम्ही विचारले, दुसरा कुठे? म्हणाले, ‘दुष्काळात आमी निघालो तवा थोरला भाऊ गावाकडंच राहिला. बापानं एक त्याला दिला, एक मला. दोघं भेटू तवा वाजवू म्हणून.’ भाऊ वारला त्याला पुष्कळ वर्षे झाली. एका टाळाने भजन होत नाही. त्याचा उपयोग काही नाही. तो टाकावा असे आम्ही म्हणालो नाही, आणि वाचकहो, तुम्हीही म्हणाला नसता. त्याला जागा कितीशी लागते! मोकळ्या झालेल्या भिंतीजवळच्या तुळईला सुनेने पाळणा बांधला, आणि घरधन्यांनी तो टाळ पाळण्याच्या दोरीला अडकविला.

संग्रहाचा निवाडा वस्तू मोजून होत नाही, असे आम्हांस त्या दिवसापासून वाटते. वारीत आपण अडीच-तीन आठवडे एका पडशीवर काढतो, ते खरे. पण वारी संपते आणि प्रपंचात परत यावेच लागते. प्रपंचात वस्तू राहणारच. फक्त दारी आलेल्याला जागा होते की नाही, हे पाहत जावे. पुंडलिकाचे हात आईबापांच्या सेवेत गुंतले होते, आणि दारात साक्षात परब्रह्म उभे होते. त्याने जवळ पडलेली एक वीट पुढे सरकविली. तिच्यावर आलेला पाहुणा अजून उभा आहे. घरातल्या वस्तूचे याहून मोठे भाग्य ते कोणते?

असो. रामकृष्णहरि.